उंची वाढवायचं इंजेक्शन द्यायचं का नाही: कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

मी कोल्हापुरात लहान मुलांच्या एका क्लिनिकमध्ये समुपदेशनाचं काम करते. उंची वाढत नसलेल्या एका मुलीचं हे प्रकरण 2018 ते 2025 असं चाललं. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी काढल्यात किंवा बदलल्यात, आणि मुलीला इथं नुसतं थोरली म्हणते कारण घरातही तिला बऱ्याचदा तसंच म्हणतात.

पार्श्वभूमी

वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप, दोन मशीन, जॉबवर्क. आई घरी ब्लाऊज शिवते. घरात आजी, थोरली आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ. घर पंचगंगेच्या बाजूच्या एका गल्लीत, हे पुढं महत्त्वाचं ठरतं म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

जून 2018 मध्ये शाळा सुरू होताना आई युनिफॉर्म घ्यायला गेली तर दुकानदारानं मागच्याच साइजचा स्कर्ट काढून दिला आणि म्हणाला, ताई, हिला गेल्या वर्षीचाच बसतोय की, कशाला नवा घेताय. घरात तोवर ह्याचं कौतुकच होतं की पोरीचे कपडे लई पुरतात. पण त्याच दिवशी धाकट्याचं माप घेतलं आणि तो तिच्याहून बोटभर उंच निघाला. सहा वर्षांचा भाऊ आठ वर्षांच्या बहिणीच्या वर गेला म्हटल्यावर आई घाबरली आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिकला आली.

सोबत आजी होती. आजीचं म्हणणं ठाम होतं, "आमच्यात बायका बुटक्याच हायत, माझी सासू माझ्या खांद्याला लागत न्हवती, कशाला पोरीला टोचाटोची करालाय." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता राग येत नाही. मुलगा बुटका राहिला की लगेच घेऊन येतात, मुलीचं मात्र आईवर गेलीय म्हणून सोडून देतात, आणि नेमका मुलींमधला एक महत्त्वाचा आजार ह्यामुळंच उशिरा सापडतो.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या दिवशीची उंची 108 सेंटिमीटर, वजन 19 किलो, वय 8 वर्षं 5 महिने. भारतीय मुलींच्या चार्टवर सगळ्यात खालची जी रेघ असते, जिच्या खाली शंभरातल्या तीनच मुली असतात, तिच्याही बरीच खाली. वडील 168, आई 152. मुलीसाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून 13 वजा करायचे आणि निम्मं करायचं, म्हणजे साधारण 153 ते 154 ही घराच्या मानानं तिची उंची. म्हणजे आई बुटकी आहे हे कारण पुरत नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट वेगाची. शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड आईनं जपून ठेवलं होतं, त्यावरून वर्षभरात ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर वाढली होती. वयाच्या चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं, चारच्या खाली गेलं की तपासायलाच हवं. एकदा घेतलेल्या मापावरून फार कळत नाही, दोन मापं आणि मधला काळ कळला की डॉक्टरला धागा मिळतो. ते कार्ड नसतं तर आधी सहा महिने थांबून माप घ्या असं सांगावं लागलं असतं.

मग डॉक्टरांनी तिला मूठ वळायला सांगितली. वळली तर चौथ्या बोटाच्या मुळाशी उंचवटा यायला हवा तिथं खळगा. केस मानेवर बरेच खाली उतरलेले. हात सरळ सोडले की कोपरापासून बाहेर वळलेले. कान सारखे फुटायचे, दर पावसाळ्यात. आणि डॉक्टरांनी विचारलं, जन्मली तेव्हा पाय सुजलेले होते का. आई गप्प झाली आणि आजी म्हणाली, "व्हय की, पावलं अशी फुगलेली, मी मालिश करून उतरवली." जन्माच्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर तशी एक ओळ होती पण आठ वर्षांत कुणी ती परत वाचली नव्हती.

थायरॉईड, रक्त, किडनी, लघवी, गव्हाची ॲलर्जी म्हणतात ती सीलिॲकची टेस्ट, डाव्या हाताचा एक्सरे काढून हाडांचं वय, हे सगळं नेहमीप्रमाणं झालं. हाडांचं वय थोडं मागं, बाकी सगळं नॉर्मल. सोबत गुणसूत्रांची तपासणी, कॅरिओटाइप, तिचं रक्त बाहेरगावच्या लॅबला गेलं आणि रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. रिपोर्ट आला, टर्नर सिंड्रोम. मुलींना दोन एक्स गुणसूत्रं असतात, हिला एकच. दर दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात अशा मुली आणि बायका शेकड्यानं असणार, त्यातल्या किती जणींना माहिती आहे कोण जाणे.

लेथ चालवणाऱ्यालाही टर्नरच म्हणतात, म्हणून वडील म्हणाले, "टर्नर तर मीच हाय की ओ, माझ्याकडनं आलं का काय?" तेव्हा आम्ही हसलो, पण प्रश्न खरा होता, घरी तोवर कुणाच्या घराण्यातनं आलं ह्यावर वाजलेलंच होतं. हे सहसा वारशानं येत नाही, आईच्या खाण्यापिण्यामुळं किंवा गरोदरपणात ग्रहण बघितल्यामुळं होत नाही, निव्वळ योगायोग असतो. ते डॉक्टरांनी आजीसमोर मुद्दाम दोनदा सांगितलं. आईच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिवशी पहिल्यांदा थोडा सैल झाला.

आधी हृदय, मग उंची

इथं डॉक्टरांनी क्रम उलटा लावला आणि मला तो बरोबर वाटला. घरच्यांना उंचीचं बोलायचं होतं, डॉक्टर म्हणाले आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. टर्नरमध्ये हृदयाच्या झडपेत आणि मुख्य रक्तवाहिनीत दोष असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. हिच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या निघाल्या, रक्त व्यवस्थित जात होतं, अडथळा नव्हता, पण आयुष्यभर लक्ष ठेवायचं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या खाली जोडलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या, काम मात्र नीट. कानात पडद्यामागं पाणी. हे सगळं उंचीच्या निमित्तानं सापडलं आणि ह्या तपासण्यांचा सगळा मिळून खर्च इंजेक्शनच्या एका महिन्यापेक्षा कमी होता. मी हे पुढच्या प्रत्येक घरी सांगते, इंजेक्शन परवडत नसेल तर नका घेऊ, पण ह्या तपासण्या सोडू नका.

कोणकोणते पर्याय समोर होते

पहिला, काहीच न करणं. हाही खरा पर्याय आहे, डॉक्टरांनी तो तसाच मांडला. टर्नरमध्ये औषध न घेता शेवटची उंची घरच्या अपेक्षेपेक्षा साधारण 20 सेंटिमीटरनं कमी राहते, म्हणजे हिची 133-134 च्या आसपास.

दुसरा, ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन लगेच सुरू करणं, रोज रात्री, हाडांची टोकं जुळून वाढ थांबेपर्यंत.

तिसरा, पैसे जमवून दोन वर्षांनी सुरू करणं. हा वडिलांना सगळ्यात पटलेला, आणि सगळ्यात फसवा. उशीर होईल तसा वाढीला उरलेला काळ कमी होतो, खरं तर टर्नरमध्ये चार-सहा वर्षांच्या वयातच सुरू केलं तर बरं. पैसे तेवढेच जातात आणि उंची कमी मिळते.

मग नातेवाईकांचे पर्याय. टीव्हीवरची उंचीची पावडर, दाराच्या चौकटीला लोंबकळणं, गंगावेशीत जाऊन रोज धारोष्ण दूध पाजा, एका मामांनी तर पाय लांब करायचं ऑपरेशन असतंय म्हणून व्हिडिओ पाठवला. दूध प्यायला कुणाचीच ना नव्हती, बाकीचं बाजूला ठेवलं.

गोंधळ दोन गोष्टींवरून झाला. एक, आईचा प्रश्न: शरीरात हॉर्मोन नॉर्मल आहे म्हणता, मग बाहेरून कशाला द्यायचं? प्रश्न अगदी बिनतोड होता. ज्या मुलांमध्ये ग्रोथ हॉर्मोन खरोखर कमी असतं त्यांच्यात आपण कमी असलेलं भरून काढतो, आणि ते कमी आहे हे सिद्ध करायला आधी औषध देऊन थोड्या थोड्या वेळानं रक्त काढायची टेस्ट करतात. टर्नरमध्ये ती टेस्ट सहसा लागतच नाही. इथं हाडांच्या वाढीचं शॉक्स नावाचं एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्याची एकच प्रत असल्यानं हाडं हॉर्मोनला कमी दाद देतात, म्हणून जास्त डोस देऊन हाडांना रेटायचं. कमतरतेच्या मुलांना किलोमागे रोज 25 ते 35 मायक्रोग्रॅम लागतात, टर्नरमध्ये 45 ते 50. म्हणजे खर्चही त्याच पटीत.

दुसरा गोंधळ गल्लीतल्या मेडिकलवाल्या काकांनी घातला. ते म्हणाले हे मेलेल्या माणसाच्या मेंदूतनं काढतात, पोरगीला येड लागंल. ह्यात तथ्य होतं, पण जुनं. पूर्वी हे हॉर्मोन खरंच मृतांच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून काढायचे आणि त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, ते 1985 मध्ये लक्षात आल्यावर तो प्रकार बंद पडला. तेव्हापासून ते प्रयोगशाळेत तयार करतात, इन्सुलिनसारखंच. अफवा म्हणून उडवून लावण्याऐवजी डॉक्टरांनी ही गोष्ट पूर्ण सांगितली, आणि मला वाटतं त्यामुळंच घरच्यांनी पुढच्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवला.

पैशाचा हिशोब

वडील मायक्रोमीटरवर काम करणारा माणूस, त्यांनी कागद घेऊन मांडलंच. महिन्याला त्या वेळच्या वजनाला अठरा-वीस हजार. वजन वाढंल तसा डोस वाढणार, म्हणजे शेवटच्या वर्षांत तीस हजारांच्या आसपास. सहा-साडेसहा वर्षं धरली तर सतरा-अठरा लाख. डॉक्टरांनी सांगितलेला फायदा सरासरी पाच ते आठ सेंटिमीटर. "म्हंजे एका सेंटिमीटरला अडीच लाख, मॅडम. आणि ती बी गॅरंटी न्हाई."

बरोबरच होतं. मी त्यांना पटवायचा प्रयत्न केला नाही, ते माझं काम नाही. ते तेव्हा सेकंड हँड व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, घ्यायच्या विचारात होते आणि त्या मशीनवर घराचं पुढचं सगळं अवलंबून होतं. आईचा मुद्दा वेगळा होता, तिच्या नणंदेची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती, थोरली तिच्याबरोबर पळायला जायची, तर आईनं विचारलं की मुलींना भरतीला 155 लागते, तेवढी होईल का. डॉक्टर सरळ नाही म्हणाले. इंजेक्शन घेऊनही 140 च्या पुढं मागं. ते ऐकून आई त्या दिवशी रडली. पण मला आजही वाटतं की ते उत्तर त्या दिवशी स्पष्ट दिलं म्हणून नंतर सहा वर्षांत फसवल्याची भावना कुणाला आली नाही.

शेवटी जे ठरलं ते असं: आयुष्याचा निर्णय आज घ्यायचा नाही, एका वर्षाचा घ्यायचा. वर्षभर द्यायचं, वेग आधीच्या साडेतीनवरून किमान सहाच्या वर गेला तर पुढं बघायचं, नाही गेला तर मनात किंतू न ठेवता बंद करायचं. ही अट कागदावर लिहून फाइलला लावली. व्हीएमसी पुढं ढकललं, आईच्या पाटल्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडल्या. आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही आणि तिनं ते लपवलंही नाही.

प्रत्यक्षात काय केलं

सप्टेंबर 2018 मध्ये सुरुवात झाली. पहिली भानगड युनिटची. डॉक्टर लिहितात मिलिग्रॅममध्ये, पुण्याहून माल आला तर खोक्यावर युनिट. एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट. दुकानातला पोरगा गडबडला, वडिलांनी पकडलं. तेव्हापासून फ्रिजच्या दारावर त्यांनी मार्करनं दोन्ही आकडे लिहून ठेवले आणि डोस बदलला की खोडून नवीन.

रात्री जेवण झालं की पेन फ्रिजमधून काढायचं, आकडा फिरवायचा, टकटक आवाज येतो, मांडीची जागा रोज बदलायची, सुई घातली की दहा मोजायचे आणि मग काढायची. दहा मोजायचं काम धाकट्याचं. तो मुद्दाम आठनंतर थांबायचा आणि थोरली ओरडायची. दोन महिन्यांत ती स्वतः टोचायला लागली, आई मात्र पहिला आठवडा दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

दर तीन-चार महिन्यांनी माप, वर्षाला साखर, थायरॉईड, आयजीएफ-वन नावाची एक रक्ताची टेस्ट. घरच्यांना सांगून ठेवलेलं की डोकं सतत दुखलं, उलटी झाली, अंधुक दिसलं किंवा लंगडायला लागली की लगेच या. खुब्याच्या हाडाचं टोक सरकू शकतं आणि त्याचं दुखणं बऱ्याचदा गुडघ्यात जाणवतं. एकदा गुडघा दुखतोय म्हणून आलेच, खुब्याचा एक्सरे काढला, काही नव्हतं, खो-खो खेळताना पडली होती.

ऑगस्ट 2019: पहिल्या वर्षाचा निर्णय आणि महापूर एकदम

वर्ष संपायला महिना असताना पूर आला. गल्लीत पाणी शिरलं, हे लोक राजारामपुरीत आत्याकडं गेले. निघताना आईनं कागदपत्रांच्या आधी फ्रिजमधला डबा उचलला. आत्याच्या गल्लीतही लाइट येऊन जाऊन होती. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं, पण गोठवायचं नाही, गोठलं तर फेकून द्यायचं. थर्मासमध्ये बर्फ, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर कार्ट्रिज, पेनमध्ये बसवायची औषधाची नळी, म्हणजे बर्फाला थेट टेकणार नाही. वडील दर दोन तासांनी थर्मास उघडून बघायचे आणि आत्या म्हणायची दादा, सारखं उघडलंस तर कसं गार राहील.

हायवे शिरोलीला बंद, पुण्याहून माल येईना, शेवटचं कार्ट्रिज संपलं आणि आठवडाभर इंजेक्शन चुकलं. आईचा रात्री फोन, आता दोन दिवसांचं एकदम देऊ का. नाही. चुकलेले डोस भरून काढायचे नाहीत, मिळालं की नेहमीचा डोस सुरू करायचा, आठवड्यानं काही बिघडत नाही. त्यानंतर हे घर कायम एक महिन्याचा जादा माल ठेवायला लागलं, आणि जुलै 2021 मध्ये परत पाणी आलं तेव्हा एकही दिवस चुकला नाही.

पण 2019 चा खरा प्रश्न पुढचा होता. सप्टेंबरमध्ये माप घेतलं, वर्षात 7.4 सेंटिमीटर. अट पूर्ण झालेली. आणि घरात चिखल, भिंतीला ओल, फर्निचर गेलेलं, वर्कशॉपला काम नाही. फाइलला लावलेला कागद सांगत होता चालू ठेवा आणि खिसा सांगत होता थांबवा. ह्या बैठकीत अर्धा तास कुणी काही बोलेना. डॉक्टरांनी मधला रस्ता काढला नाही, म्हणजे डोस निम्मा करू वगैरे, कारण कमी डोसवर पैसे जातात आणि उंची मिळत नाही. दुसऱ्या, स्वस्त पडणाऱ्या भारतीय कंपनीच्या औषधावर बदललं, तेच हॉर्मोन, पेनऐवजी बाटली आणि सिरिंज, महिन्याला पाच-सहा हजार वाचले. आत्यानं सहा महिन्यांचे पैसे उसने दिले. चालू राहिलं.

हे औषध सुरुवातीलाच का नाही सुचवलं, असं वडील नंतर म्हणाले. खरं तर पेन आणि सिरिंज दोन्ही पर्याय पहिल्या दिवशी किमतीसकट समोर ठेवायला हवेत, सोय म्हणून पेन आधी दाखवतात आणि मग घरच्यांना वाटतं हेच एक आहे.

मधली वर्षं

लॉकडाऊनमध्ये क्लिनिकला येणं बंद झालं. वडिलांनी घरच्या भिंतीला स्टीलची पट्टी ठोकली आणि डोक्यावर ठेवायला वर्कशॉपमधला गुण्या आणला, काटकोन पक्का, भिंतीला चिकटवून सरकवायचा. माप कायम सकाळीच, कारण दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर दबतो. त्यांची मापं नंतर आमच्या मापांशी मिलिमीटरमध्ये जुळली. काही क्लिनिकांत सुद्धा इतकं नीट माप घेत नाहीत, उगाच नाव घेत नाही.

तिसऱ्या वर्षी वेग चारवर आला. घरात लगेच सूर, औषध लागू पडायचं बंद झालं, स्वस्तातलं घेतलं म्हणून. रक्त तपासलं तर थायरॉईड. टर्नरमध्ये थायरॉईड बिघडणं नेहमीचंच आहे म्हणून तर दरवर्षी बघायचं, पण लॉकडाऊनमध्ये ती टेस्ट राहून गेली होती. गोळी सुरू केली आणि पुढच्या वर्षी वेग परत पाचच्या वर.

मग वयात येण्याचा प्रश्न. टर्नरमध्ये अंडाशय बहुतेक वेळा काम करत नाहीत, हिचेही करत नव्हते, त्यामुळं इस्ट्रोजेन, मुलीला वयात आणणारं हॉर्मोन, बाहेरून द्यावं लागतं. पूर्वी उंचीसाठी ते चौदा-पंधरापर्यंत लांबवायचे, कारण इस्ट्रोजेनमुळं हाडं जुळतात. आता अकरा-बाराला अगदी थोड्या डोसनं सुरू करतात, म्हणजे मुलगी मैत्रिणींबरोबरच वयात येते, हाडं मजबूत होतात आणि उंचीचंही फार नुकसान होत नाही. वडिलांना दोन वर्षं थांबायचं होतं, एवढा खर्च केलाय तर अजून दोन सेंटिमीटर काढू. इथं पहिल्यांदा कुणीतरी थोरलीला विचारलं. ती म्हणाली वर्गात सगळ्यांच्या आधीच मागं आहे, ह्यात पण मागं राहणार नाही. 2022 च्या सुरुवातीला, बारा पूर्ण झाल्यावर, सुरू झालं.

तिला काय आणि कधी सांगितलं

मला ह्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग हाच वाटतो. आठव्या वर्षी तिला सांगितलं होतं, ताकदीचं इंजेक्शन आहे. घरच्यांची भीती लग्नाची, बाहेर कळलं तर. डॉक्टरांचा आणि माझा आग्रह होता की टप्प्याटप्प्यानं सांगा: आठला उंचीचं, दहाला गुणसूत्राचं, वयात यायच्या आधी अंडाशयाचं. घरच्यांनी फक्त पहिला टप्पा केला, तोही अर्धाच.

बाराव्या वर्षी इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू झाल्यावर तिनं स्वतः आईच्या मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं आणि सगळं वाचलं. मूल होण्याबद्दलचंही. दोन आठवडे आईशी बोलली नाही. तिचा राग आजारावर नव्हता, सगळ्यांना माहिती आणि मलाच नाही ह्यावर होता. मग क्लिनिकमध्ये तिच्याशी एकटीशी बोलणं झालं, मूल दत्तक घेता येतं, दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन काही जणींना गर्भही राहतो पण त्याआधी हृदय नीट तपासावं लागतं, हे सगळं तिला सरळ सांगितलं. भूमितीत ती कायम का अडकते ह्याचंही उत्तर तिला तेव्हाच मिळालं. ह्या मुलींची बुद्धी सर्वसाधारण असते पण आकृत्या आणि गणित बऱ्याच जणींना जड जातं. वडिलांनी त्यानंतर तिला वर्कशॉपमधले ठोकळे हातात देऊन भूमिती शिकवायला घेतली, मार्क थोडे वाढले.

निष्पत्ती

मार्च 2025 मध्ये इंजेक्शन बंद केलं, वर्षाचा वेग दोनच्या खाली आला होता आणि हाडं जवळपास जुळली होती. तेव्हा 140.2, आता 141 ला थोडी कमी. काहीच केलं नसतं तर जी 133-134 धरली होती त्याहून सात सेंटिमीटर जास्त, म्हणजे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं त्याच आवाक्यात. खर्च शेवटी पंधरा लाखांच्या आसपास बसला, औषध बदलल्यामुळं थोडा कमी. व्हीएमसी अजून आलेलं नाही.

त्या सात सेंटिमीटरला पंधरा लाख योग्य होते का? वडील म्हणतात होते. आई म्हणते माहीत नाही. मला विचाराल तर ह्या घरासाठी हो, पण कर्ज काढून, जमीन विकून करायची ही गोष्ट नाही. शेजारच्या तालुक्यातल्या अशाच एका घरानं इंजेक्शन नको म्हटलं, हृदय, थायरॉईड, कान आणि इस्ट्रोजेन एवढंच नीट सांभाळलं, त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जन्माच्या कार्डावरची सुजलेल्या पायांची ओळ तेव्हाच कुणी धरली असती तर आठऐवजी चार-पाच वर्षांत सुरुवात झाली असती, वजन कमी म्हणून डोस कमी, सुरुवातीची वर्षं स्वस्तात गेली असती. मुलगी बुटकी आहे आणि कारण सापडत नाही, तर कॅरिओटाइप कराच, आत्या-मावशा कितीही बुटक्या असोत.

सरकारी मदतीचं. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण 2021 मध्ये आलं, त्यात ग्रोथ हॉर्मोनची सिद्ध झालेली कमतरता, टर्नर असे आजार आहेत, आणि 2022 पासून ठरवलेल्या मोठ्या केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्याकडं मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्यातलं एक. ह्या घराला ते कळलं तेव्हा निम्म्याहून जास्त काळ उरकला होता, महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईच्या सारख्या फेऱ्या आणि बुडणारं काम बघता त्यांनी उरलेलं स्वतःच रेटायचं ठरवलं. आज ज्यांचं निदान होतंय त्यांनी मात्र पहिल्या महिन्यातच चौकशी करावी, पैसे संपल्यावर नाही.

आणि तिला सांगण्याचं. आठव्या वर्षीच "तुझी हाडं हळू वाढतात म्हणून हे औषध, अजून काही गोष्टी आहेत त्या मोठी होशील तशा सांगू" एवढं बोलले असते तरी ते दोन आठवडे टळले असते.

आत्ता

ती दहावीला आहे. वर्षाला इको, ब्लड प्रेशर, थायरॉईड, साखर, कान चालू. हृदयाचा एमआरआय करून मुख्य रक्तवाहिनी बघायची आहे, तो परीक्षेनंतर. नवीन प्रश्न अपंगत्वाच्या दाखल्याचा: 2016 च्या कायद्यानुसार वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणानं प्रौढपणी उंची 147 सेंटिमीटर किंवा कमी राहिली तर ते त्या कायद्यात बसतं, किती टक्के धरतात ते मेडिकल बोर्ड ठरवतं आणि 40 किंवा त्याहून जास्त भरलं तर नोकरीत, कॉलेजच्या ॲडमिशनला राखीव जागा. आजीचा कडक विरोध, कागदावर अपंग लिहिलेली पोरगी कोण करंल. वडील अजून विचार करतायत. थोरलीनं मला विचारलं की दाखल्यासाठी अठरा पूर्ण व्हावे लागतात का आणि त्यावर आईवडिलांची सही लागते का. ते विचारून सांगते म्हटलंय तिला.